लदेणीच्या वाटेवरची जोखीम

१६३२ साली पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी उत्तर हिंदुस्थानातून प्रवास करत असताना एका सकाळी त्याला बंजाऱ्यांचा तांडा भेटला. मैल-दीड मैल लांब पसरलेल्या त्या तांड्यात १४,००० बैल होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर धान्य होतं. पुढे आणखी एक तांडा लागला, त्यात २०,००० बैल आणि पाठीवर साखर. एवढं जनावर घेऊन निघालेली माणसं मात्र बायकापोरं धरून सहाशे-सातशे. दिवसाकाठी चाल सहा-सात मैलांची. मंडीनं मणांचा हिशेब केला, त्याचे इंग्रजी बुशेल करून बेरीज मांडली. त्याच शतकात तावेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्थानात फिरला. अरुंद वाटेवर दहा-बारा हजार बैलांचा तांडा समोर आला, की तो सरेपर्यंत गाड्यांना दोन-दोन, तीन-तीन दिवस खोळंबून राहावं लागतं, असं त्यानं लिहून ठेवलं.

इतिहासाच्या पुस्तकांत ही वर्णनं वारंवार येतात आणि वाचणारा बैलांच्या आकड्यानं दिपून जातो. निघालेल्या १४,००० बैलांपैकी मुक्कामाला पोचले किती, सहाशे-सातशे माणसांतली किती वाटेत राहिली, एखादी बाई चालता चालता बाळंत झाली तर तांडा थांबला की पुढे गेला, याची चौकशी मंडीनं केली नाही, तावेर्निएनंही नाही. एकाला मालाची मोजदाद हवी होती, दुसऱ्याला रस्ता मोकळा हवा होता. ते जे विचारायला विसरले, ते विचारणं हा पुढच्या पानांचा विषय आहे.

त्याची सुरुवात वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीपासून व्हावी हे सर्वार्थानं योग्य आहे. मानोरा तालुक्यातल्या या गावाला बंजारा समाज आपली काशी मानतो. इथे संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचं मंदिर आहे. शेजारच्या उमरीला सामकी माता आणि जेतालाल महाराज यांची स्थानं आहेत. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक, तेलंगण, आंध्रातून माणसं येतात, फेटिया-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी, ल्यालेल्या बायकांची गर्दी होते आणि नंगारा वाजू लागतो. त्या नंगाऱ्याच्याच आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय ५ ऑक्टोबर २०२४ रोजी इथे सुरू झालं.

सेवालाल महाराज, म्हणजे तांड्यांचे सेवाभाया, स्वतः लदेणीच्या, म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून नेण्याच्या व्यवसायातल्या, घरातले. परंपरा त्यांचा काळ १७३९ ते १८०६ असा सांगते. वडील भीमा नाईक मोठ्या गोधनाचे मालक. महाराजांच्या घोड्याचं नाव तोळाराम, लाडक्या बैलाचं गराशा. परंपरेनुसार जन्म कर्नाटकातला आणि समाधी वऱ्हाडातली. मधलं सारं आयुष्य चालण्यात गेलं. त्यांच्याभोवतीच्या कथा नीट ऐकल्या तर त्यांतला बराच भाग वाटेवरच्या संकटांचा आहे असं दिसतं. चारा मिळत नाही, गुरं आजारी पडतात, कुठल्याशा राजाच्या अंमलदाराशी खटका उडतो. खुद्द जगदंबेच्या भक्तीची कथाही अशीच आहे. सेवाभायानं भक्त व्हावं म्हणून देवी तांड्यावर संकटामागून संकट आणते आणि अखेर तो तिला शरण जातो. श्रद्धाळू माणूस यात देवीचा महिमा पाहतो. अभ्यासकानं तो पाहावाच, पण त्याबरोबर एका फिरत्या समाजानं आपल्या भीतीची केलेली नोंद म्हणूनही या कथा वाचाव्यात.

कारण दुसरी नोंद फारशी नाही. अमेरिकेशी तुलना केली तर हे चटकन लक्षात येतं. २४ जानेवारी १८४८ रोजी कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि पुढच्याच वर्षी हजारो माणसं मिसुरी नदीच्या काठावरून बैल जुंपलेल्या गाड्या घेऊन पश्चिमेला निघाली. त्यांतल्या शेकडो जणांनी रोजनिशी लिहिली, घरी पत्रं पाठवली. म्हणूनच आज सांगता येतं, की त्या वाटेवर माणसं मेली ती मुख्यतः पटकीनं. कुणी नदी ओलांडताना बुडालं, कुणाला स्वतःचीच बंदूक चुकून उडून गोळी लागली, कुणाचं मूल गाडीच्या चाकाखाली गेलं. सिनेमांनी जगभर पोचवलेले मूळ रहिवाशांचे हल्ले हे कारण या यादीत पुष्कळ मागे येतं. रोजनिश्या नसत्या तर सिनेमाचंच चित्र खरं मानलं गेलं असतं.

बंजाऱ्यांच्या बाबतीत नेमकं हेच झालं. इंग्रज शिकाऱ्यांच्या पुस्तकांतून तांडा, वाघ आणि दरोडेखोर असं एक रंगीत चित्र तयार झालं. ते खोटं नाही. वाघ होते, पेंढारी होते, ठगही होते. म्हणून तर मुक्कामाला धान्याच्या गोण्या एकावर एक रचून भिंत उभी करायची, गुरं दाटीनं बांधायची, रात्रभर शेकोट्या पेटत्या ठेवायच्या, ही तांड्याची रीत होती. बंजाऱ्यांचे कुत्रे त्यांच्या इमानासाठी आणि राखणीसाठी मुलुखभर नावाजलेले. या धोक्यांसाठी तांड्याकडे भाला होता, कुत्रा होता, तांड्याच्या प्रमुखाचा, म्हणजे नाईकाचा, हुकूम होता. तांडा मोडला तो ज्यांच्यापुढे यातलं काही चालत नव्हतं त्यांच्यामुळे: चिखल, तहान, जनावरांची साथ, माणसांची साथ आणि दोन फौजांच्या मधली जागा.

चिखलाची गोष्ट वऱ्हाडकराला समजावून सांगायला नको. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई, सुमारे ५०० मैल. तिथून तो नावेत चढे. १८४२ साली अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्यानं या वाटेनं एक लाख बैल-ओझी कापूस कलकत्त्याला रवाना केल्याची नोंद आहे. या प्रवासाला मुदत एकच होती: पहिल्या पावसाच्या आत पोचायचं. उशीर झाला आणि वाटेत आभाळ फुटलं तर काय होई, त्याचं वर्णन त्या काळच्या इंग्रजी कागदांत सापडतं. कापूस पाणी पितो आणि ओझं जड होत जातं. काळ्या जमिनीत माणसाचा पाय घोट्याच्या वर रुततो आणि लादलेल्या बैलाचा गुडघ्यापर्यंत. मग बैल बसतो. ओझं उतरवल्याशिवाय त्याला उठवता येत नाही आणि उतरवलेलं ओझं ठेवायला कोरडी जागा नसते. असा माल आठवडेच्या आठवडे चिखलात पडून राही.

कागदांत यापुढे व्यापारी कसा बुडाला ते येतं. तो बुडालाच असेल. पण त्याची पेढी अमरावतीत शाबूत होती. ज्याचा बैल त्या चिखलात पाय मोडून बसला त्या बंजाऱ्याचं भांडवल, घर आणि पुढच्या वर्षाची भाकर असं सगळं तिथेच बसलेलं असे. लदेणीच्या वाटेवरच्या जोखमीचं गणित या फरकात आहे. मालाचा धनी एका जागी आणि जोखमीचा धनी वाटेवर.

पाण्याचा प्रश्न याच्या उलट टोकाचा. हजारो गुरांना एका दिवसात लागणारं पाणी गावविहिरीतून मिळणं अशक्य. नदी, तलाव किंवा मोठा डोह गाठल्याशिवाय मुक्काम करता येत नसे. बालाघाटच्या पठारावरून उतरताना पैनगंगा, अडाण, अरुणावती या नद्या आहेत, पण चैत्र-वैशाखात त्यांतलं पाणी डोहापुरतं उरतं, आणि लदेणीचा हंगाम तर उन्हाळ्याचाच. तांड्यांनी ठिकठिकाणी विहिरी आणि तलाव खोदले ते यासाठी. मध्य प्रदेशातल्या सागर शहराचा तलाव आजही लाखा बंजाऱ्याच्या नावानं ओळखला जातो. तळ्याला पाणी लागेना म्हणून लाखानं मुलगा आणि सून यांचा बळी दिला अशी दंतकथा तिथे सांगतात. बळी घडला की नाही हा भाग वेगळा. पाण्याची किंमत लोकांनी मनात केवढी धरली होती, ते या कथेतून कळतं.

एक ताम्रपटही याच दृष्टीनं पाहण्यासारखा आहे. वऱ्हाडच्या पोलीस खात्यातल्या कंबरलेज या अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात बंजाऱ्यांवर टिपण लिहिलं. त्यात शाहजहानच्या वजीराबरोबर दख्खनच्या स्वारीत आलेल्या भंगी आणि जंगी या नाईकांची हकिकत आहे. त्यांच्यापाशी १,८०,००० बैल होते आणि त्यांचा प्रतिस्पर्धी भगवानदास वडत्या याच्यापाशी ५२,००० बैल, असं सांगतात. वजीरानं ताम्रपटावर सोन्याच्या अक्षरांत सनद दिली. तिचा आशय असा, की तांड्याला कुणाच्याही रांजणातलं पाणी आणि छपराचं गवत घेता येईल, आणि दिवसाला तीन खून माफ असतील. ही सनद नेहमी बंजाऱ्यांच्या मानमरातबाचा पुरावा म्हणून दाखवली जाते. ती उलटून वाचली तर तांड्याला रोज काय काय भोगावं लागत होतं त्याची यादीच हाती येते. पाणी कुणी देत नव्हतं, चारा संपलेला असे, आणि दोन्ही मिळवताना रक्त सांडत होतं. नाहीतर या तीन गोष्टींची परवानगी वजीराकडून कशाला मागावी लागली असती?

जनावरांच्या साथीपुढे मात्र कुठलीच सनद चालत नव्हती. बुळकांडीचं नाव आज तरुण शेतकऱ्याला ठाऊक नसेल, कारण २०११ मध्ये जगातून तिचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. त्याआधी ती कळपात शिरली, की ताप, तोंडात व्रण, डोळ्या-नाकातून पाणी, मग हगवण आणि आठवड्या-दीड आठवड्यात मृत्यू. एका बैलापासून दुसऱ्याला, एका पाणवठ्यावरून पुढच्या पाणवठ्याला. तांड्यात हजारो जनावरं अंगाला अंग लावून चालत, एकाच डोहावर तोंड घालत, म्हणजे साथीला याहून सोपी जागा नाही. औषध नव्हतं. होता तो हाताडिया. हा तांड्याचा पूज्य बैल. त्याच्या पाठीवर कधी ओझं घालत नसत. लाल रेशमाचे पट्टे, गोंडे, घुंगरं, पितळी साखळ्या लेवून तो सर्वांच्या पुढे चाले, आणि थकून जिथे बसेल तिथे तांड्याचा त्या दिवसाचा मुक्काम पडे. माणूस किंवा जनावर आजारी पडलं, की त्याच्या पायाशी नवस बोलत. साथ त्याला वगळून जात नसणार हे उघड आहे. हाताडियाच बसला आणि उठला नाही, तेव्हा त्या तांड्यानं काय केलं असेल याची कल्पना करवत नाही.

बैलांची साथ फौजांनाही गुडघे टेकायला लावत असे. मे १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस टिपूच्या श्रीरंगपट्टणापर्यंत पोचला, पण त्याच्या छावणीत रसद संपली होती आणि ओढीचे बैल साथीनं पटापट मरत होते. शेवटी त्यानं वेढ्याच्या जड तोफा स्वतःच निकामी केल्या आणि माघार घेतली. परतीच्या वाटेवर हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची मराठी फौज येऊन मिळाली, तिच्या बाजारात धान्य होतं, म्हणून ती सेना जगली. या अनुभवानंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या सेनापतींनी बंजाऱ्यांशी करार करण्यावर भर दिला. आर्थर वेलस्लीची १८०३ ची पत्रं वाचली तर शत्रूच्या तोफांइतकीच काळजी त्याला तांडे वेळेवर येतील की नाही याची होती असं जाणवतं.

ते १८०३ साल वऱ्हाडचं. २९ नोव्हेंबरला आडगावची लढाई, १५ डिसेंबरला गाविलगड पडला. त्याआधी होळकरांच्या स्वाऱ्यांनी आणि मग दुष्काळानं दख्खन पोळून निघालं होतं. धान्य नेणारा तांडा अशा मुलुखातून जातो म्हणजे उपाशी गावांमधून अन्नाची रांग घेऊन जातो. बंजाऱ्यांना दोन्ही पक्षांनी हात लावू नये असा जुना संकेत होता आणि एरवी तो पाळलाही जाई. पण शत्रूच्या छावणीकडे निघालेली रसद तोडणं हा युद्धाचा पहिला डाव. पहिल्या बाजीरावानं १७२८ साली पालखेडला निजामाला कोंडीत धरलं ते त्याची रसद तोडूनच. रसद तोडली असं इतिहास एका ओळीत सांगतो. त्या ओळीत बैल हाकणारी माणसं कुठेच नसतात. त्यांच्यामागून चालणाऱ्या, डोक्यावर बिऱ्हाड आणि कडेवर मूल घेतलेल्या बायका तर मुळीच नसतात.

फौजांबरोबर आणखी एक गोष्ट चालत असे. नोव्हेंबर १८१७ मध्ये पेंढाऱ्यांच्या मोहिमेवर निघालेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत पटकी फुटली आणि थोड्या दिवसांत हजारो माणसं मेली. १८१८ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात ती नागपूर, पुणे करत मुंबईला पोचली. फौजांना रसद पोचवणारे तांडे या साथीच्या वाटेवरच होते. पुढे हीच पटकी समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली आणि १८४९ मध्ये सोन्याच्या वाटेवरच्या मुक्कामांत घुसली. दोन्हीकडे कारण तेच होतं, एकाच पाणवठ्यावर माणसं पितात, धुतात आणि तिथेच घाण होते. तिकडे मेलेल्यांच्या नावाच्या फळ्या वाटेच्या कडेला लागल्या. इकडे मरीआईची ठाणी उभी राहिली.

इथे एक कडू गोष्ट टाळून चालणार नाही. साथ आली, की कारण शोधलं जाई, आणि कारण म्हणून कुणा बाईकडे बोट दाखवलं जाई. डाकीण ठरवलेल्या बायकांच्या हत्यांचे उल्लेख कंबरलेजच्या टिपणात आहेत. टिपण पोलीस अधिकाऱ्याचं आहे. त्याला या समाजात गुन्हे शोधायचेच होते, त्यामुळे प्रत्येक वाक्य पारखून घ्यावं लागतं. तरीही हे उल्लेख सरसकट खोटे म्हणून बाजूला सारणं हा त्या बायकांवर दुसरा अन्याय होईल. गावोगावच्या स्थिर समाजांतही हे घडत होतं. तांड्यात फरक इतकाच, की तिथून पळून जायला जवळ माहेर नव्हतं. लग्न होऊन दुसऱ्या तांड्यात जाणाऱ्या मुलीचा ढावलो, म्हणजे निरोपाचं रडगाणं, इतकं काळीज चिरणारं का असतं, ते यावरून समजावं. दोन्ही तांडे सतत हलते. पुन्हा भेट कुठल्या वाटेवर, कोणत्या वर्षी होईल याचा नेम कुणाला सांगता येणार?

कॅलिफोर्नियाला निघालेला माणूस बहुधा एकटा पुरुष होता. त्याला पोचण्याचं एक ठिकाण होतं, आणि तिथे पोचला की वाटेचा धोका संपत होता. तांड्याला असं ठिकाण नव्हतं. माल उतरवायचा, मीठ किंवा धान्य भरायचं आणि पुन्हा निघायचं. म्हाताऱ्यांपासून तान्ह्यांपर्यंत सगळे तीच जोखीम घेऊन जन्मभर चालत. हे धाडस नव्हतं, ही रोजची जगण्याची रीत होती. म्हणूनच साहसकथांच्या साच्यात ती बसवू नये असं आग्रहानं सांगावंसं वाटतं.

पुढची हकिकत झपाट्यानं घडली. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ नंतर वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि मिर्झापूरची बैलवाट ओस पडली. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि ठिकठिकाणच्या बंजाऱ्यांवर त्याचा शिक्का बसला. १८७८ च्या वन कायद्यानं चराईची रानं राखीव होऊन बंद झाली. ज्यांच्या बैलांची वाट सेनापती पाहत होते, त्यांना आता गाव सोडण्याआधी हजेरी द्यावी लागू लागली. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण त्याची सावली पोलीस ठाण्यांच्या वहीत त्यानंतरही राहिली. याच काळात तांडे डोंगराच्या कडेला, गावापासून थोडे दूर, स्थिरावले. पुसदजवळचं गहुली अशाच वस्त्यांपैकी एक. तिथे १ जुलै १९१३ रोजी जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

समाजानं स्वतःचा इतिहास लिहायला घेतला तोही याच टप्प्यावर. बळीराम पाटील यांचं ‘गोर बंजारा लोकांचा इतिहास’ १९३६ मध्ये आलं. पुढे आत्माराम राठोडांच्या ‘तांडा’नं आतला आवाज मराठी साहित्यात आणला. तरी लदेणीच्या काळातल्या बाईनं सांगितलेली वाट अजून कागदावर यायची आहे. ती लेंगी गीतांत आहे, ढावलोत आहे, उमरी-पोहरादेवीच्या यात्रेत नातींना घेऊन बसलेल्या आज्यांच्या बोलण्यात आहे. अधिकाऱ्यांचे कागद आणि ही गाणी शेजारी ठेवून वाचायची, आणि दोन्ही एकमेकांशी भांडतील तिथे थांबून विचार करायचा, हीच पुढच्या पानांची पद्धत आहे.

लदेणी संपली म्हणून वाट संपलेली नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास विदर्भ-मराठवाड्यातल्या तांड्यांवरून आजही कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जायचा, आणि भांडी, धान्य, कोंबड्या, लेकरं असं सारं बिऱ्हाड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून रात्रीचा प्रवास करायचा. फडात साप असतो, कोप्यांजवळ प्यायचं पाणी नसतं, गरोदर बाई सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत मोळ्या वाहते, आणि पोरांची शाळा ऐन वर्षाच्या मध्यात सुटते. एप्रिलपर्यंत हंगाम संपतो. उचल फिटली नसेल तर बाकी पुढच्या साली चढते आणि त्याच मुकादमाकडे पुन्हा कोयता लावावा लागतो.